कतारगामचे घुमट : सुरतेच्या जुन्या दफनभूमींतून शहर वाचण्याचा एक प्रयत्न

“बाई, मग ते इंग्रज पुढे गेले कुठे?”

सुरतेच्या पहिल्या स्वारीबद्दल वर्गात बोलत होते. जानेवारी १६६४. मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला, वीरजी व्होरासारख्या धनाढ्य सावकाराचा वाडा लुटला जातोय, आणि इंग्रज-डच आपापल्या वखारींची दारं लावून आत हत्यारं घेऊन उभे. गोष्ट इथवर आली की महाराज राजगडाकडे वळतात आणि आपणही त्यांच्याबरोबर वळतो. मागच्या बाकावरचा मुलगा मात्र सुरतेतच थांबला होता. मी म्हटलं, “कुठे नाही गेले. त्यांचा प्रेसिडेंट अजून इथेच आहे, कतारगामला.”

आमच्या मराठी शाळेतली बहुतेक मुलं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या घरांतली. ताप्ती लाइनच्या गाडीने कुणाचे आजोबा आले, कुणाचे वडील. घर उधना किंवा लिंबायतला, वडील लूमवर नाही तर हिऱ्याच्या कारखान्यात. त्यांच्या डोक्यात दोन सुरती असतात. एक पुस्तकातली महाराजांची, आणि दुसरी रोज शेअर रिक्षात बसून पार करायची. या दोन्ही एकच आहेत हे सांगून पटत नाही. म्हणून त्या हिवाळ्यात अकरा मुलं घेऊन मी चार वेळा कतारगामच्या बाजूच्या जुन्या दफनभूमींत गेले. इंग्रजांची एक, आणि गुलाम फळियात एकमेकींना लागून असलेल्या डच आणि आर्मेनियन. तिन्ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. त्या चार फेऱ्यांत काय हाती लागलं, कुठे चुकलो, हे जसं घडलं तसं मांडते आहे.

पहिली चूक थडग्यांपाशी जायच्या आधीच झाली. वखारीच्या कागदपत्रांतले काही उतारे मी मुलांना मराठीत करून दिले होते आणि त्यावरून कालरेषा करायला सांगितली होती. दोन दिवसांनी भिंतीवर लावलेल्या कालरेषेत महाराजांनी सुरत तीनदा लुटली होती : १६६३, १६६४ आणि १६७०. मुलांनी काही वावगं केलं नव्हतं. त्या काळच्या इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे आपण जो जानेवारी १६६४ म्हणतो तो त्यांच्या पत्रांवर १६६३ असतो. वर त्यांचं जुनं पंचांग युरोपातल्या नव्या पंचांगाच्या दहा दिवस मागे, आणि हॉलंडचे डच नवं पंचांग वापरणारे. हे समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. या मुलांच्या घरी पाडव्याला गुढी उभारतात आणि शेजारच्या गुजराती घरी दिवाळीनंतर ‘साल मुबारक’ होतं. शके आणि विक्रम संवत यांतला फरक ती रोज जगतात. एका मुलीने वहीत लिहून ठेवलं : ‘तारीख दिसली की आधी विचारायचं, कोणाच्या पंचांगातली?’ पुढे आर्मेनियन दगडापाशी तेच वाक्य कामी आलं.

इंग्रज दफनभूमीच्या फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा गोंधळायला होतं. डोळा क्रूस शोधतो आणि समोर घुमट, कमानी, खांब. दोन-तीन मुलांना वाटलं आपण चुकून दर्ग्यात आलो. एकाने चपला काढून हातात घेतल्या. मी त्याला थांबवलं नाही. सतराव्या शतकात तापीकाठून जाणाऱ्याला नेमकं तसंच वाटावं, यासाठीच या वास्तू अशा बांधल्या होत्या.

सगळ्यांत मोठी वास्तू ऑक्झेंडन बंधूंची. धाकटा ख्रिस्तोफर १८ एप्रिल १६५९ ला गेला. थोरला सर जॉर्ज १६६२ मध्ये सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट होऊन आला, म्हणजे भावाची कबर ज्या गावात आहे त्याच गावात. आणि १४ जुलै १६६९ ला तोही इथेच वारला. जाड खांबांवर एकावर एक असे दोन घुमट, आत सज्जे, वर जायला पायऱ्या. जुन्या गॅझेटियरमध्ये उंची चाळीस फूट आणि व्यास पंचवीस फूट दिलाय. वर चढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मुलांनी भूमितीत शिकलेलं काढलं. एक काठी उभी रोवली, तिची सावली आणि घुमटाची सावली एकाच वेळी मोजली, त्रैराशिक मांडलं. पहिल्यांदा उत्तर एकतीस आलं, कारण सावली घुमटाच्या पायापासून मोजली होती, मधल्या बिंदूपासून नाही. दुसऱ्यांदा अडतीस. पुस्तकातला आकडा आपल्या काठीने जवळपास खरा ठरला याचा त्यांना जो आनंद झाला, तो मी पुष्कळ दिवसांत वर्गात पाहिला नव्हता.

ख्रिस्तोफरचा लेख लॅटिनमध्ये आहे आणि त्याचं छापील भाषांतर मी सोबत नेलं होतं. ते मराठीत करून वाचून दाखवलं. सरळ व्यवहाराचा हा माणूस, आला आणि गेला. त्याच्या खात्यावर दिवस मांडता आले, वर्षं मांडायला मिळाली नाहीत, कारण मृत्यूने त्याला अचानक हिशोबाला बोलावलं. मालकांनो, तुमचा तोटा काय आणि नफा काय म्हणून विचारता? तुमचा एक नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला; पण समोरच्या पानावर तो लिहू शकतो की मरण हाच माझा नफा. शेवटचं वाक्य बायबलातल्या पौलाचं आहे. बाकी सगळी भाषा खतावणीची. आमच्यातल्या एका मुलाचे वडील किराणा दुकानात वह्या लिहितात. तो म्हणाला, “बाई, हे तर जमा-नावे आहे.” मला वाटतं त्या लेखाचं इतकं नेमकं वर्णन मी तरी कुठे वाचलेलं नाही. प्रार्थनेत, कवितेत, दुःखातसुद्धा या लोकांना हिशोबाची वही सोडवत नव्हती. वखार काय चीज होती हे मी वर्षभर शिकवून जेवढं कळलं नसतं, तेवढं त्या एका दगडाने सांगितलं.

जॉर्जच्या लेखाने मात्र मुलांची निराशा केली. ज्याने वखार सोडून पळायचं नाकारलं, सुवाळीच्या बंदरातल्या जहाजांवरून खलाशी बोलावले, ढोल-तुताऱ्या वाजवत त्यांना शहरातून फिरवलं, त्याच्या दगडावर महाराजांचं नाव असणारच अशी त्यांची खात्री होती. कंपनीने या बचावाबद्दल त्याला सोन्याचं पदकही दिलं होतं. पण दगडावर १६६४ नाही. तिथे आहे ते असं : भारत, इराण आणि अरबस्तानातल्या इंग्रजांचा प्रेसिडेंट, मुंबई बेटाचा गव्हर्नर; कुळाने, गुणाने आणि कर्तृत्वाने थोर; भावांमधला भाऊ. ‘कर्तृत्व’ या एका शब्दात ती सगळी स्वारी गुंडाळून ठेवली आहे.

का? यावर आम्ही घुमटाच्या सावलीत बसून बराच वेळ बोललो. थडग्यावर काय कोरायचं हे मेलेला ठरवत नाही, मागे राहिलेले ठरवतात, आणि मागे राहिलेल्यांना त्या घटकेला जे ठसवायचं असतं तेच कोरलं जातं. मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे १६६८ मध्ये आलं. म्हणजे ‘मुंबईचा गव्हर्नर’ ही पदवी ऑक्झेंडन वारला तेव्हा जेमतेम वर्षाची होती. ती जगाला दाखवायची होती. पाच वर्षांपूर्वीचं संकट, तेही एका शत्रूने शहर उघडं पाडल्याचं, दाखवायचं नव्हतं. शिवाय तो शत्रू संपलेला नव्हता. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा सुरतेवर आले. मुंबईच्या इतिहासात ज्याचं नाव कंपनीचा पहिला गव्हर्नर म्हणून येतं, तो मुंबईत नाही, सुरतेत पुरलाय, ही गोष्ट मुलांना फार आवडली. मामा-मावशी मुंबईत असलेल्यांनी ती त्याच रात्री फोनवरून सांगितली.

आता घुमटांकडे परत येते, कारण माझ्या मते या दफनभूमीतली सगळ्यांत मोठी गोष्ट तिथे आहे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये माणूस गावच्या चर्चच्या आवारात पुरला जाई, प्रतिष्ठित असेल तर चर्चच्या आत फरशीखाली. सुरतेत ना त्यांचं तसं चर्च, ना आवार. शहराच्या भिंतीबाहेर जागा मिळाली, आणि बांधायला मिळाले इथलेच गवंडी, ज्यांना वीट-चुन्याचा घुमट उचलायचा कसा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मोगलांच्या या बंदरात मोठा माणूस कोण, हे घुमटावरून कळायचं. व्यापाराला आलेल्या परक्यांनी तीच भाषा उचलली. गिलावा उडालेल्या एका कोपऱ्यात आतल्या पातळ विटा आणि चुन्याचे जाड थर दिसत होते. एका मुलाचे आजोबा गावी गवंडी होते. तो तिथे वाकून किती तरी वेळ नुसता सांधे बघत होता.

आणि ही उचललेली भाषा पुढे समुद्र ओलांडून परत गेली. जॉन व्हॅनब्रू नावाचा तरुण १६८३ च्या सुमारास कंपनीच्या नोकरीत सुरतेच्या वखारीत होता. पुढे तो नाटककार झाला, मग वास्तुशिल्पी. ब्लेनहाइमचा प्रचंड राजवाडा त्याचाच. १७११ मध्ये लंडनमध्ये नवी चर्चेस बांधायचं ठरलं तेव्हा त्याने लिहून कळवलं की मृतांना चर्चमध्ये पुरणं बंद करा, शहराच्या कडेला मोकळ्या जागेत दफनभूमी करा, सुरतेत इंग्रज लोक करतात तशी. सोबत आठवणीतून सुरतेच्या दफनभूमीचं रेखाचित्रही काढून दिलं. कतारगामच्या गवंड्यांनी उभं केलेलं काहीतरी लंडनच्या कागदावर नमुना म्हणून गेलं, हे मी मुलांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझाच आवाज जरा कापला.

डचांची दफनभूमी आम्ही तिसऱ्या फेरीत पाहिली. तिथली अष्टकोनी, दुमजली, दुहेरी घुमटाची वास्तू हेंड्रिक आद्रियान वान रेडेची. ऑक्झेंडनच्या थडग्याला झाकोळून टाकावं म्हणून ती एवढी मोठी बांधली, असं गॅझेटियरमध्ये म्हटलंय आणि दोन्ही पाहिल्यावर पटतं. व्यापारातली चुरस कबरस्तानापर्यंत आली. आत पूर्वी भिंतींवर चित्रं होती, कुळचिन्हं होती, बायबलातली वचनं होती, खिडक्यांत लाकडी नक्षी होती. डचांच्या दुसऱ्या एका थडग्याची गोष्ट १६८९ च्या सुमारास इकडे आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवली आहे : मागे राहिलेल्या मित्रांची करमणूक व्हावी म्हणून त्यावर मद्याची तीन मोठी भांडी घडवली होती.

पण वान रेडेपाशी मी मुलांना नेलं ते वास्तूसाठी नाही. हा माणूस मलबारात डच कंपनीचा अधिकारी होता. तिथल्या वनस्पतींवर त्याने बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला, म्हणजे शेवटचे खंड त्याच्या मृत्यूनंतर. झाडपाल्याची माहिती दिली इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्याने आणि कोचीनमधल्या तीन कोकणी ब्राह्मणांनी. रंग भट, विनायक पंडित, आपू भट. गोव्याकडून दक्षिणेत गेलेल्या समाजातले हे लोक. आपण सांगितलेली माहिती खरी आहे असा दाखला त्यांनी कोकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिला आणि तो पहिल्या खंडात तसाच्या तसा छापला आहे. नागरी अक्षरं छापली गेल्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी तो एक. आतल्या चित्रांवरही झाडांची नावं नागरीत आहेत.

त्या पानाची छायाप्रत मी मुद्दाम थडग्यापाशी काढली, त्याआधी दाखवली नाही. तीन फेऱ्या लॅटिन, इंग्रजी, डच अशी परकी अक्षरं बघून कंटाळलेल्या मुलांसमोर एकदम आपली लिपी आली. वळण जुनं, शब्द एकमेकांना चिकटलेले. सगळं कुणालाच वाचता आलं नाही, मलाही नाही. पण एकेक अक्षर बोटाने दाखवत ‘हा भ’, ‘हा ट’ असं सुरू झालं. शेवटी एक मुलगी म्हणाली, “म्हणजे हे मोठं थडगं ज्याचं आहे, त्याला आपल्या लोकांनी शिकवलं.” वान रेडे १५ डिसेंबर १६९१ ला कोचीनहून सुरतेकडे येताना जहाजावर, मुंबईच्या जवळपास वारला आणि ३ जानेवारी १६९२ ला इथे पुरला गेला. त्याला घुमट मिळाला. आपू भटांना त्या पानावरची चार ओळींची जागा मिळाली, आणि माझ्या दृष्टीने ती कमी नाही.

शेजारच्या आर्मेनियन भागात घुमटांची रांग नाही. जमिनीलगत आडव्या शिळा, त्यांवर दाट कोरलेली अक्षरं. कोलकात्यात राहून आर्मेनियन लोकांचा इतिहास लिहिणारे मेस्रोव सेठ यांनी इथले लेख वाचून ठेवले, म्हणून आपल्याला त्यांचा अर्थ कळतो. त्यांतला सर्वांत जुना एका बाईचा आहे. वोस्कान नावाच्या धर्मगुरूची बायको, मारिनास. नवऱ्याच्या माथ्यावरचा मुकुट होती, तिच्या जाण्याने त्याचा जीव पोळला, असा मजकूर. मग वय त्रेपन्न. आणि दिवस असा, की १५ नोव्हेंबर, शुक्रवार, पहिला प्रहर. साल मात्र १०२८. ‘कोणाच्या पंचांगातली?’ असं वहीवाल्या मुलीने लगेच विचारलं. आर्मेनियन संवत्सरात ५५१ मिळवायचे. उत्तर येतं १५७९. अकबराने सुरत घेतली १५७३ मध्ये, आणि इंग्रजांना इथे वखारीची परवानगी मिळाली १६१३ मध्ये. म्हणजे इंग्रज इथे बस्तान बसवण्याच्या चौतीस वर्षं आधी या गावात एक आर्मेनियन धर्मगुरू संसार करून राहत होता आणि बायकोच्या मृत्यूची वेळसुद्धा दगडावर लिहून ठेवत होता. पदव्या नाहीत, बेटाचा गव्हर्नर नाही. मला या सगळ्या दफनभूमींत हीच शिळा सर्वांत जवळची वाटते.

अक्षरं वाचायची रीत इथे सांगून ठेवते, कारण ती आम्ही चुकत शिकलो. पहिल्या दिवशी एका मुलाने खिशातून खडू काढला होता, अक्षरांत घासून ती उठवायला. रखवालदारांनी हाताने थांबवलं आणि ते बरोबरच होतं. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते आणि जुनी अक्षरं आणखी झिजतात. त्याऐवजी आम्ही घरातला लहान आरसा वापरला. ऊन आरशात घ्यायचं आणि दगडावर अगदी कडेने, जवळपास सपाट पाडायचं. एका छोट्या थडग्यावर समोरून पाहिलं तर कोरी शिळा दिसत होती. कडेने उजेड पडला तशी आधी एक उभी रेघ, मग दोन आकडे, मग ‘महिने’ असा अर्थ असलेला शब्द सावलीसारखा वर आला. तान्हं मूल होतं. नाव गेलेलं होतं, वय राहिलं होतं. आरसा धरणाऱ्या मुलाचा हात हलला आणि सगळं पुन्हा पुसलं गेलं.

काही ठिकाणी उजेडही उपयोगाचा नाही. मुंबईची घडी बसवणारा, महाराजांच्या दरबाराशी वाटाघाटी करणारा जेराल्ड ऑन्जियर ३० जून १६७७ ला सुरतेतच वारला. इंग्रज दफनभूमीतली एक मोठी वास्तू त्याची मानतात, पण तसं सांगणारा लेख तिच्यावर नाही. तीच गत टॉम कोरियटची. जेरुसलेमकडून अजमेरपर्यंत पायी आलेला हा इंग्रज प्रवासी डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेला वारला. सुवाळीच्या बाजूला राजगरी गावाजवळ एक घुमटाची वास्तू त्याच्या नावाने ओळखली जाते आणि जहाजांच्या नकाशांवरही तिची खूण त्याच नावाने आहे. ती त्याचीच, हे दगड सांगत नाही. मुलांच्या तक्त्यात या दोघांपुढे आम्ही ‘मानतात’ असा शब्द लिहिला. तो खोडून ‘आहे’ लिहायचा मोह मुलांना झाला होता. त्यावर बरीच घासाघीस झाली आणि ‘मानतात’ टिकला.

तक्ता पूर्ण होत आला तेव्हा मूळ प्रश्न विचारणारा मुलगाच म्हणाला की यात सुरतेचं कुणीच नाही. खरं होतं. वीरजी व्होरा जैन, त्याची चिता झाली. हिंदू दलाल, सराफ, वखारीचे हमाल, तापीतले नावाडी, ज्यांच्यावाचून एकही गाठोडं जहाजावर चढलं नसतं, त्यांचा दगड नाही. दफनभूमीवरून शहराचा इतिहास लिहायला बसलं की जाळणाऱ्यांचं शहर आपोआप गळतं. मग शेवटच्या आठवड्यात मी त्यांना भीमजी पारेखांबद्दल सांगितलं. सुरतेतल्या इंग्रज वखारीचे दलाल. नागरी अक्षरांत ग्रंथ छापावेत या हट्टापायी त्यांनी कंपनीकडे छापणारा मागितला आणि १६७४ च्या सुमारास हेन्री हिल्स नावाचा कारागीर त्यासाठी मुंबईला आला. छपाईचे नागरी खिळे काही त्याला पाडता आले नाहीत. ॲमस्टरडॅममध्ये आपू भटांची अक्षरं छापली गेली ती याच दशकात. पुढे १६८३ मध्ये कंपनीने भीमजींना सोन्याचं पदक आणि साखळी दिली, ऑक्झेंडनला दिलं होतं तसंच पदक.

मुलांनी शहराचा मोठा नकाशा केला होता, त्यावर प्रत्येक थडग्याला एक टाचणी. भीमजी पारेखांच्या नावाची चिठ्ठी हातात घेऊन ती वहीवाली मुलगी बराच वेळ नकाशासमोर उभी होती. शेवटी तिने विचारलं, “बाई, यांची कुठे लावू?” कुणी म्हणालं नदीवर, अश्विनीकुमारच्या स्मशानघाटाशी. कुणी म्हणालं जिथे इंग्रजांची वखार होती तिथे. तिने दोन्ही ऐकलं, आणि चिठ्ठी टाचणी न लावता नकाशाच्या कडेला चिकटवली. खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘जागा शोधायची आहे’.